डेनिसन स्मॉकचे फराटे: एका फिगरच्या पुनर्रंगकामाचं प्रकरण

कॅमोफ्लाज गणवेश आणि फिगर, म्हणजे सैनिकाची छोटी मूर्ती, रंगवण्याची कला यांचं मुळातच पटत नाही. कॅमोफ्लाजचं काम माणसाचा आकार मोडणं. खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो, हे दुरून कळू नये एवढ्यासाठी तो असतो. फिगर रंगवणाऱ्याचं काम बरोबर उलटं. वीतभरही उंची नसलेल्या सैनिकाचा खांदा, कोपर, कापडाची प्रत्येक चुणी बघणाऱ्याला कळली पाहिजे, म्हणून तो सावल्या गडद करतो आणि उंचवटे उजळतो. एकाच कापडावर ही दोन्ही कामं करायची वेळ आली की बहुतेकदा कॅमोफ्लाज जिंकतो आणि फिगर सपाट होते. पुढे मांडलेलं प्रकरण अशाच एका फिगरचं आहे. तिच्यावर मेहनत भरपूर झाली होती, रंग महागडे होते, हात चांगला होता, तरीही ती बघवत नव्हती.

फिगर नाशिकच्या एका मित्राची. रेझिनची, १:१६ मापाची, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस साधारण ११० मिलिमीटरचा. विषय ब्रिटिश पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनचा छत्रीधारी सैनिक, नेदरलँड्समधलं आर्नहेम, सप्टेंबर १९४४. हातात स्टेन मार्क ५ ही सबमशीन गन, डोक्यावर जाळी लावलेलं हेल्मेट, अंगात डेनिसन स्मॉक हा कॅमोफ्लाज सदरा. मित्राने हा विषय घेण्यामागे एक कारण होतं. त्याला पुढे भारताच्या २ पॅरा या छत्रीधारी बटालियनचा जवान करायचा आहे, बांगलादेश युद्धात टांगाईलला ११ डिसेंबर १९७१ रोजी उतरलेला. २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, त्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलकारांना तिची ओढ असणं साहजिक आहे. भारतीय छत्रीधारी सैनिकांच्या जुन्या स्मॉकची जातकुळी ब्रिटिश डेनिसनचीच. तेव्हा आधी डेनिसनवर हात बसवावा, असा त्याचा विचार. विचार अगदी योग्य होता.

त्याने फोटो पाठवून एवढंच विचारलं, "सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय रे. मग हा असा ठिगळं लावल्यासारखा का दिसतोय?"

आधी कापड

डेनिसन स्मॉक हा बॅटलड्रेसवर (लोकरी गणवेशावर) चढवायचा जाड, वारा अडवणाऱ्या सुती कापडाचा सैलसर सदरा. १९४२ च्या सुमारास ब्रिटिश एअरबोर्न दलांना तो मिळू लागला. युद्धकाळातल्या साध्या स्मॉकची चेन छातीपर्यंतच असते आणि तो डोक्यावरून घालावा लागतो. पुढे चार खिसे, आणि मागे एक शेपटीसारखा पट्टा, जो पायांमधून पुढे आणून प्रेस-बटणांनी अडकवता येतो. उडी मारताना स्मॉक वर सरकू नये म्हणून ही सोय. पहिल्या नमुन्याच्या मनगटांना लोकरीची विणलेली पट्टी होती, दुसऱ्या नमुन्यात तिच्या जागी पट्टी आणि बटण आलं. पुढे १९५९ चा नमुना आला त्याला पूर्ण लांबीची चेन आहे. आज बाजारात आणि इंटरनेटवर दिसणारे बरेचसे रंगीत फोटो या युद्धोत्तर स्मॉकचे असतात. ते समोर ठेवून आर्नहेमचा सैनिक रंगवला की रंगछटांपासूनच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

रंगसंगती तीन रंगांची. तळाला वाळूसारखा पिवळसर खाकी, त्यावर हिरव्याचे रुंद फराटे, त्यावर लालसर गडद तपकिरीचे. हे ठिपके नाहीत, डाग नाहीत, चट्टेही नाहीत. ते ब्रशचे फराटे आहेत, आणि हीच या स्मॉकची ओळख. फराट्याची सुरुवात भरीव असते, शेवट विरत जातो, टोकाला ब्रशच्या केसांच्या रेघा सुट्या दिसतात. हिरव्यावरून तपकिरी गेला की तिथे चौथी, मिश्र छटा तयार होते. छपाईच्या कापडातसुद्धा हा हाताने फिरवलेल्या ब्रशचा स्वभाव कायम ठेवलेला दिसतो.

मापाचा हिशेब इथेच करून टाकावा. खऱ्या स्मॉकवर सात-आठ सेंटिमीटर रुंद असलेला फराटा १:१६ मध्ये जेमतेम ५ मिलिमीटरचा होतो, १:३५ मध्ये सव्वादोन मिलिमीटरचा. मित्राच्या फिगरवरचे तपकिरी आकार मोजले तर त्यातले काही ८ मिलिमीटर रुंद निघाले. खऱ्या माणसावर तेरा सेंटिमीटर. पण मोठे आकार हा त्या फिगरचा मुख्य आजार नव्हता.

निदान

मी त्याला सांगितलं, फिगरचा फोटो काढ आणि फोनमध्येच तो कृष्णधवल करून मला पाठव. तो आला आणि दोघांनाही लगेच उत्तर दिसलं. तपकिरी आकार चुण्यांमधल्या सावल्यांपेक्षाही काळे होते. सपाट छातीवर, थेट उजेडात असलेला तपकिरी फराटा काखेतल्या सावलीहून गडद! डोळा रंग नंतर वाचतो, आधी गडद-फिकट वाचतो. उजेडातली जागा सावलीहून गडद असेल तर मेंदू तिला खड्डा समजतो. स्मॉकवर अशी पंधरा-वीस भोकं पडली होती आणि त्यांच्यामध्ये खरा शरीराचा आकार हरवला होता.

दुसरी गोष्ट वॉशची, म्हणजे अगदी पातळ करून फिरवलेल्या रंगाची. त्याने तिन्ही रंग सपाट भरून वरून एकच काळपट तपकिरी वॉश फिरवला होता. बहुतेक जण असंच शिकतात, आणि एकरंगी गणवेशावर ते चालतंही. पण इथे वॉश चुण्यांमध्ये साचला तेव्हा हिरवा आणि तपकिरी दोन्ही एकसारखे काळे झाले आणि वाळूचा रंग नुसता मळला. म्हणजे खोलात नमुना पुसला गेला. मग उंचवट्यांवर फिकट क्रीम रंगाने ड्राय-ब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासला. तो तिन्ही रंगांवर सारखाच बसला, म्हणून तपकिरीच्या कडा खडूसारख्या पांढुरक्या झाल्या. खाली नमुना नाही, वर नमुना नाही, फक्त मधल्या पट्टीत तो ओरडतोय, अशी अवस्था.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती हाताच्या सवयीतून येते. त्याचे सगळे आकार साधारण सारख्या मापाचे होते आणि सारख्या अंतरावर. माणसाचा हात आपोआप जागा वाटून घेतो. इथे एक झाला, मग थोडं सोडून तिथे एक. शिवाय प्रत्येक आकार त्याच्या कापडाच्या तुकड्यात पूर्ण मावलेला होता. खिशावर एक अख्खा, कॉलरवर एक अख्खा, बाहीवर तीन अख्खे. खरं कापड असं नसतं. कापडाच्या ताग्यावर नमुना आधी येतो आणि मग कात्री चालते. खिशाचा तुकडा ताग्याच्या एका कोपऱ्यातून, छातीचा दुसऱ्याच ठिकाणाहून. म्हणून शिवणीवर फराटा अर्धा तुटतो आणि पलीकडे भलतंच काही सुरू होतं. खिसा अंगाशी जुळत नाही. ते न जुळणं हाच शिवलेल्या कपड्याचा पुरावा असतो.

चेहरा मात्र उत्तम जमला होता. डोकं आणि हात वेगळे रंगवलेले, अजून चिकटवलेले नव्हते, त्यामुळे ते सुरक्षित काढून ठेवले. स्मॉकवरचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसून काढला. फिगर त्यात बुडवून ठेवली नाही. काही रेझिन फार वेळ भिजल्यावर मऊ पडतात. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) जिथे निघाला तिथे पुन्हा राखाडी प्रायमर.

उजेड आधी, नमुना नंतर

नव्याने सुरुवात करताना आम्ही क्रम उलटा केला. आधी पूर्ण स्मॉक फक्त वाळूच्या रंगात, पण पूर्ण उजेड-सावलीसह रंगवायचा. जणू कॅमोफ्लाज नाहीच. व्हालेहो मॉडेल कलर या अॅक्रिलिक रंगांमधले ७०.९१४ ग्रीन ऑकर आणि ७०.९७६ बफ साधारण निम्मे-निम्मे, हा तळ. सावलीसाठी त्यातच ७०.८२२ जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउन थोडाथोडा वाढवत नेला, उजेडासाठी बफ. उजेड वरून आणि किंचित डावीकडून येतोय असं धरलं. या टप्प्याला स्मॉक जितका छान दिसेल तितकं पुढचं काम सोपं, म्हणून इथे घाई करू नये. चुण्या, खिशांच्या कडा, बाहीची गोलाई, सगळं इथेच उभं राहिलं पाहिजे.

मग हिरवा: ७०.९६७ ऑलिव्ह ग्रीन, पण त्यात पाव भाग तळाचा रंग. तपकिरी: ७०.८७२ चॉकलेट ब्राउन, त्यातही पाव ते तिसरा भाग तळाचा रंग. ही भेसळ दोन कामं करते. एक, तिन्ही रंगांना एकाच कापडाचं नातं मिळतं. एकाच धुळीने, उन्हाने, धुलाईने ते उतरलेत असं वाटतं. दोन, गडद-फिकटातलं अंतर कमी होतं. नियम असा ठरवला: उजेडातला तपकिरी हा वाळूच्या सर्वांत खोल सावलीपेक्षा फिकटच राहिला पाहिजे. तो मिसळताना कागदावर ठिपका द्यायचा, शेजारी सावलीचा ठिपका, आणि फोनवर कृष्णधवल फोटो. एवढ्याने फार वेळ वाचतो.

याला इतिहासाचाही आधार आहे. आर्नहेमला ब्रिटिश सैन्याच्या फिल्म अँड फोटोग्राफिक युनिटचे छायाचित्रकार तुकड्यांबरोबर होते आणि त्यांचे कृष्णधवल फोटो आज सहज बघता येतात. रंग सांगायला ते निरुपयोगी, पण गडद-फिकटाचं नातं सांगायला फार मोलाचे. उजेडात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर नमुना किती सौम्य दिसतो आणि काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तो कसा जवळजवळ विरतो, हे त्यात स्पष्ट दिसतं. रंगछटांसाठी वस्तुसंग्रहालयातल्या खऱ्या स्मॉकचे फोटो घ्यावेत. आर्नहेमजवळच्या ओस्टरबेकचं हार्टेनस्टाइन हॉटेल, जे लढाईत डिव्हिजनचं मुख्यालय होतं, तिथे आज एअरबोर्न म्युझियम आहे. पण ऐंशी वर्षांचं कापड उडालेलं असतं हे धरून चालावं.

फराटे ओढायला बारीक ब्रश घ्यायचा नाही. ००० नंबरचा ब्रश हातात आला की माणूस आकाराची कड कोरायला लागतो, आणि कोरलेली कड म्हणजे फराटा मेला. टोकदार १ नंबरचा ब्रश घेतला, पोटात रंग, टिश्यूवर एकदा टेकवलेला, आणि एकाच ओढीत फराटा. टोकाशी रंग संपत आला की केस आपोआप फाकतात आणि खऱ्या स्मॉकवरच्या विरत्या रेघा तयार मिळतात. रंग पातळ, दोन थरांत. खालची उजेड-सावली त्यातून दिसत राहिली पाहिजे. नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अॅक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून ओला पॅलेट हवाच. डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, एवढं घरचं साहित्य पुरतं.

जागावाटपाची सवय मोडायला एक युक्ती फार कामी आली. फराटा शिवणीच्या बाहेरून सुरू करायचा. म्हणजे मनात ब्रश शेजारच्या तुकड्यावरून येतोय असं धरायचं, पण रंग टेकतो तो शिवणीपासून पुढे. आपोआप अर्धे, तुटलेले, कोपऱ्यात डोकावणारे आकार तयार होतात. आम्ही प्रत्येक तुकडा स्वतंत्र घेतला: डावी छाती, उजवी छाती, चारही खिसे, खिशांच्या झडपा, बाह्या, कॉलर, शेपटीचा पट्टा. प्रत्येकावर फराट्यांची दिशा थोडी बदलली. एका झडपेवर तपकिरी टाकलाच नाही, ती पूर्ण वाळू आणि थोडा हिरवा. मित्राचा हात तिथे पुन्हापुन्हा जात होता. "इथे रिकामं वाटतंय," तो म्हणे. मी म्हटलं, "राहू दे रिकामं. खालचा खिसा भरलेला आहे, म्हणूनच झडप सुटी दिसतेय." दुसऱ्या दिवशी त्याला पटलं.

चुण्यांचा प्रश्न

फराटा खोल चुणीवरून जातो तेव्हा काय होतं, याचा विचार फार कमी जण करतात. चुणी म्हणजे दुमडलेलं कापड. फराट्याचा एक भाग त्या दुमडीत गिळला गेलेला असतो. म्हणून चुणीच्या दोन काठांवर फराट्याच्या कडा एकमेकींना नेमक्या भेटत नाहीत. एका काठावर कड जिथे संपते, दुसऱ्या काठावर ती थोडी वर किंवा खाली सरकून सुरू होते. आपण मात्र मूर्तीच्या पृष्ठभागावर ब्रश सरळ ओढतो आणि फराटा चुणीवर चिकटवल्यासारखा दिसतो. कोपराच्या आतल्या बाजूला आणि कमरेच्या पट्ट्याच्या वर जिथे कापड फुगून खाली पडतं, तिथे आम्ही प्रत्येक फराट्याला असा मिलिमीटरभराचा झोल दिला. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण कापड जाड आणि खरं वाटायला लागतं. या पूर्ण कामात मला सर्वाधिक समाधान याच भागाने दिलं.

नमुना वाळल्यावर उजेड-सावली पुन्हा घट्ट केली, पण आता प्रत्येक रंगाची आपापली. वॉश नाही, पातळ ग्लेझ (रंगाचा पारदर्शक थर), फक्त सावलीच्या बाजूला ओढलेलं. वाळूच्या रंगाला सावलीच्या दोन पायऱ्या, हिरव्याला एक, तपकिरीला जेमतेम अर्धी. उजेडाच्या बाजूला हिरव्यात तळाचा रंग वाढवला, तपकिरीत त्याहून कमी. पांढरा कुठेही वापरला नाही. पांढरा मिसळला की हिरवा दुधाळ होतो आणि सुती कापडाचा कोरडेपणा जातो. शेवटी शिवणींवर आणि झडपांखाली ब्लॅक ब्राउनची केसभर रेघ. कॅमोफ्लाजवर ही रेघ एकरंगी गणवेशापेक्षा थोडी ठळक चालते, कारण नमुन्याच्या गोंधळात तुकडे वेगळे ठेवायचं काम तीच करते.

बाकीचा सैनिक पटकन झाला. बॅटलड्रेसची विजार ७०.९२१ इंग्लिश युनिफॉर्म, त्यावर लोकरीचा खरखरीतपणा दाखवायला बारीक ठिपक्यांचा उजेड. १९३७ पॅटर्नचं वेबिंग (अंगावरचे पट्टे आणि पाऊच) फिकट हिरवट खाकी. मनगटाची विणलेली पट्टी साधी खाकी. या एकरंगी जागा मुद्दाम शांत ठेवल्या, कारण स्मॉकवर नजर दमते आणि तिला टेकायला चेहरा, विजार आणि वेबिंग हवं. पेगॅससचं, म्हणजे पंखवाल्या घोड्याचं, बाहीवरचं एअरबोर्न चिन्ह मित्राला स्मॉकवर हवं होतं. ते बॅटलड्रेसच्या बाहीवर असतं आणि स्मॉकखाली झाकलं जातं, म्हणून सोडून दिलं. त्याला वाईट वाटलं, पण बरोबर तेच होतं.

धुळीचा मोह आवरणं अवघड गेलं. ओस्टरबेकच्या घराघरांत झालेली लढाई, विटांचा आणि प्लास्टरचा चुरा, शेवटच्या रात्री २५-२६ सप्टेंबरला पावसात ऱ्हाइन ओलांडून माघार. एवढं डोक्यात असलं की पिगमेंटची (धुळीसारख्या रंगाच्या भुकटीची) बाटली आपोआप उघडते. धुळीचा थर गडद-फिकटातलं अंतर आणखी दाबतो, त्यामुळे तो चुका लपवायलाही सोयीचा असतो. आम्ही विटेची फिकट धूळ फक्त कोपर, गुडघे, बूट आणि स्मॉकच्या खालच्या कडेपुरती ठेवली. नमुन्यावर एवढं काम केल्यावर तो झाकून टाकायचं कारण नव्हतं.

मॅट व्हार्निशचं काम पावसाळ्यात आलं. दमट हवेत स्प्रेचं व्हार्निश वाळताना पांढरट धुकं धरतं, आणि गडद तपकिरीवर ते लगेच दिसतं. म्हणून पातळ अॅक्रिलिक मॅट व्हार्निश ब्रशने, दोन हलक्या हातांत लावलं.

शेवटी पुन्हा कृष्णधवल फोटो. आता आधी माणूस दिसत होता: डावा खांदा, पुढे आलेली कोपर, स्टेनवर दाबलेला हात. नमुना त्यानंतर दिसत होता. रंगीत फोटोत मात्र हातभर अंतरावरून फराटे स्वच्छ वाचता येत होते. एक उणीव राहिली. पाठीवर हिरवा थोडा जास्त झाला आहे आणि वाळूचा तळ तिथे दबला आहे. फिगर भिंतीला पाठ करून ठेवली जाणार असल्याने मित्राने ती तशीच ठेवायचं ठरवलं. माझ्या मते ती दुरुस्त करायला हवी होती, कारण प्रदर्शनात परीक्षक फिगर फिरवून बघतात.

हीच पद्धत १:३५ वर नेताना दोन बदल करावे लागतात. ५० मिलिमीटरच्या सैनिकावर विरत्या रेघा सुट्या दाखवता येत नाहीत. तिथे फराट्याच्या एका टोकाला रंग अधिक पातळ करून पुसट सोडणं पुरतं. आणि फराट्यांची संख्या थोडी कमी करावी. मापात अचूक बसवलेला नमुना त्या आकारात नुसता कलकलाट होतो. चुणीवरचा झोल मात्र तिथेही द्यावा, फक्त एक-दोन ठिकाणी.

मित्र आता टांगाईलच्या फिगरकडे वळला आहे. त्या जवानाचं तयार किट हाताशी नाही, म्हणून तो एका ब्रिटिश फिगरचं धड घेऊन डोकं, शस्त्र आणि वेबिंग बदलणार आहे. १९७१ चे कृष्णधवल फोटो त्याने जमवायला घेतलेत. रंग उघडण्याआधी त्याने त्या फोटोंवरून स्मॉकच्या चार छटांची गडद-फिकट पट्टी तयार केली आणि मला पाठवली. त्यात तपकिरी अजून एक पायरी फिकट करायला मी सांगितलं आहे.